खर्ज मोकळा करणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. इंदुरात उस्ताद अमीर खाँसाहेबांना भक्तीनं ऐकणारी मराठी घरं अजून पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या कितीतरी घरांत स्पीकर कोपऱ्यात कोंबलेले असतात.

खाँसाहेबांचं अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतलं गाणं बरंचसं मंद्रात, खालच्या सप्तकात असतं. आमच्या स्पीकरांवर बाबांना तेच नीट ऐकू येत नव्हतं. झुमरा तालाचा ठेका, तानपुरा, बोल, सगळं एका घुमाऱ्यात बुडायचं. दुकानात मोठा अ‍ॅम्प्लिफायर घ्या म्हणाले. तुम्ही मात्र आलात, खोलीच्या मधोमध एक टाळी वाजवलीत आणि मोजायची टेप मागितलीत.

खोली सोळा फूट लांब. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्या हिशेबानं ७० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ७० कंपनांची, लाट या लांबीत बरोबर बसते, आणि काळी एक पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या तारेचा सा, ६९ हर्ट्झचा, हे तुम्ही वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलंत. ती लाट भिंतीशी सगळ्यात जोरात असते आणि बाबांचा सोफा नेमका मागच्या भिंतीला टेकलेला. तुम्ही त्यांना खुर्चीवर बसवून पुढे सरकवत नेलंत. चार फुटांवर खर्ज जवळजवळ नाहीसाच झाला! सहा फुटांवर तो परत आला, पण बोलांवर न बसता. बाबांचा चेहरा तेव्हा तुम्ही पाहिलात.

स्पीकर कोपऱ्यांतून बाहेर आले. त्यांच्या पाठच्या भिंतीपासून तीन फूट, बाजूच्या भिंतीपासून दीड, एकमेकांत आठ फूट आणि बाबांच्या कानापासूनही तेवढेच. स्टुलांची उंची अशी की ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, कानाच्या रेषेत यावा. मग माझ्या हातात आरसा देऊन बाजूच्या भिंतीवरून सरकवायला लावलात. खुर्चीतून आरशात स्पीकर दिसला तिथे, दोन्हीकडे, आजीच्या गोधड्या टांगल्या. खाली टाइल्सवर सतरंजी. टाळीची झणझण गेली. गोधडीनं खर्ज आवरत नाही, तिथे जागाच बदलावी लागते, हेही तुम्ही सांगितलंत. भिंतभर फोम चिकटवायला निघालेल्यांनी हे जरूर ऐकावं. १०० हर्ट्झच्या लाटेची चतुर्थांश लांबीच पाऊण मीटरहून जास्त भरते, दोन बोटं जाडीचा फोम तिथे काय करणार?

नवं काहीही विकत घ्यावं लागलं नाही. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते हे, की तुम्ही प्रत्येक बदलानंतर थांबून बाबांनाच विचारलंत, ‘आता कसं?’ ऐंशीच्या पुढच्या माणसाच्या कानावर इतका विश्वास कोण ठेवतं?

आता ते रोज संध्याकाळी तास-दीड तास ऐकतात. उजव्या हाताची खिडकी उघडी असली की आवाज डावीकडे झुकतो, अशी नवी तक्रार आहे. येत्या रविवारी जेवायलाच या, म्हणजे तीही पाहता येईल. बाबा वाट पाहताहेत.

तुमची,
रामबागेतली शेजारीण