ओजस या सुट्टीत येत नाहीये

तीर्थरूप आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा तुम्ही "पोराला कामाला कशाला जुंपलंस, मी एफडी मोडतो" म्हणालात आणि फोन आईकडे देऊन टाकलात. मला तेव्हा काही सुचलं नाही, म्हणून लिहितेय. ओजस या सुट्टीत येणार नाही, हे ठरलंय. कॉलेजच्या लायब्ररीत काम करणार आहे. आई, काम बसून आहे, एसी आहे, आणि शनिवार-रविवार तो घरीच असतो. तू दिलेलं मेतकूट पुरवून पुरवून खातो.

आमची ओढाताण होतेय असं मनात आणू नका. इथे अमेरिकेत कॉलेजच्या फीला सरकारी मदत मिळावी म्हणून दरवर्षी फाफ्सा (FAFSA) नावाचा फॉर्म भरतात. त्यात आमचं आणि त्याचंही उत्पन्न बघतात, तेही दोन वर्षांपूर्वीच्या टॅक्स रिटर्नवरून. म्हणजे 2026 ची कमाई त्याच्या शेवटच्या वर्षी, 2028-29 च्या फॉर्मला लागणार. मुलाच्या कमाईतून टॅक्स वजा करतात, शिवाय एक ठरावीक रक्कम सोडतात. 2025-26 ला ती 11,510 डॉलर होती. त्यापुढे उरेल त्यातले निम्मे तो फीला देऊ शकतो असं धरतात, आणि मदत कमी होऊ शकते. म्हणून त्याला दुकानातली जास्त तासांची नोकरी धरू दिली नाही. लायब्ररीचं काम वर्क-स्टडीतलं आहे, म्हणजे त्या सरकारी मदतीचाच भाग म्हणून मिळालेलं, ते पैसे या हिशेबातून वगळतात. तुम्ही जन्मभर लेजरं तपासलीत, तुम्हाला हे चटकन कळेल.

आता एफडी. ती रक्कम ओजसच्या खात्यात आली, तर तिचा 20 टक्के भाग त्याची ऐपत म्हणून मोजतात. मग तुझ्या खात्यात पाठवतो, म्हणाल. आई-वडिलांच्या बचतीचा फार तर 5.64 टक्के भाग धरतात, हे खरं. तरी नको, बाबा. माझ्या फीच्या वेळी तुम्ही पीएफमधून उचल घेतलीत, तेव्हा आईच्या पाटल्यांचं काय झालं ते मला ठाऊक आहे. परीक्षेच्या दिवसांत पहाटे चारला स्टोव्ह पेटवून माझ्यासोबत जागायचात, मी पेंगले की पाठीवर हात फिरवायचात. त्या हातांनी मिळवलेलं आता तुमच्या गुडघ्याला लागू दे.

रागावू नका, पण या आठवड्यात डॉक्टरांकडून तारीख घ्याच. तोवर गच्चीचा जिना बंद. बीपीची गोळी आईने समोर उभं राहून द्यायची. आई, तूही बाबांच्या नावाखाली स्वतःची साखर तपासायचं टाळू नकोस. रात्री सोबतीला शेजारच्या मावशींशी बोलून ठेवलंय, त्यांना नाही म्हणू नका.

ओजसचं डिसेंबरचं तिकीट काढतेय. त्याआधी ऑपरेशन होऊन फिजिओ सुरू झालेलं हवं, आणि तारीख ठरली की लगेच कळवा, मीही त्याप्रमाणे रजा टाकेन.

तुमची,
मनू