मुक्कामी गाडी लावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. नमस्कार. हे पत्र तुमच्या मुलीच्या फोनवर पाठवते आहे, ती वाचून दाखवेल. चारचौघांतही मांडते आहे, कारण एसटी आगाराच्या त्या खिडकीत बसून तुम्ही काय करता हे गाडीची वाट पाहणाऱ्यांनाही कळावं.

मागच्या उन्हाळ्यात मी सुट्टीत घरी आले ती प्रबंध अडला म्हणून. विषय होता कंटेनर जहाजांच्या मार्गांचं जाळं. आई म्हणाली, "मे महिन्यात निर्गुडा नदीत पाय भिजत नाही, अन् तू जहाजं घेऊन बसलीस!"

गणित सांगायला सोपं आहे. बंदरं, त्यांच्यातला माल आणि हाताशी असलेली जहाजं दिलेली. कोणतं जहाज कुठून कुठे फिरवायचं ते ठरवा. पण बंदरं वाढली की मार्ग इतके फुगतात की सगळे तपासणं संगणकाच्याही आवाक्याबाहेर जातं. लायनर-लिब नावाच्या संचात संशोधकांना आपली पद्धत पारखायला उदाहरणं दिलेली आहेत. त्यातलं बाल्टिकचं १२ बंदरांचं, जगाचं सगळ्यात मोठं १९७ बंदरांचं. माझा प्रोग्राम बारावरच धापा टाकत होता. वर उत्तर असं द्यायचा की खर्च कमी, पण एकच कंटेनर तीन-तीन ठिकाणी उतरवायचा अन् चढवायचा.

तेच कागद घेऊन मी आगारात तुमच्याकडे आले. तुम्ही ते पाहिलात, चष्मा कपाळावर सरकवलात. "वणीची बुढी करंजीले उतरली. पांढरकवड्याची गाडी दोन घंट्यानं. थे बुढी तुह्या हिशोबात कुठं बसली हाय?"

कुठंच नव्हती. माल उतरवण्या-चढवण्याचे पैसे मी धरले होते, बंदरात पडून राहण्याचे दिवस नाही. प्रत्येक मालाला "इतक्या दिवसांत पोचलाच पाहिजे" अशी अट घातली. उत्तर महाग झालं, पण वेडेपणा गेला.

मग ती तक्रारवही. नवी फेरी कुठं टाकायची हे ठरवताना तुम्ही आधी चालू फेऱ्यांचं भारमान, म्हणजे गाडी किती भरते ते, पाहता, मग कोणत्या गावची ओरड जास्त ते वहीत बघता, तिथं एक फेरी टाकता, आणि पुन्हा सगळं पाहता. काका, आमच्यात याला कॉलम जनरेशन म्हणतात! सगळे मार्ग आधी मांडायचेच नाहीत. थोडे घेऊन गणित सोडवायचं; त्यातून प्रत्येक अडचणीची एक किंमत निघते, ती सांगते कोणता नवा मार्ग आणला तर फायदा. एकही तसा उरला नाही की थांबायचं. पुस्तकात हे चार वेळा वाचलं होतं. कळलं तुमच्या मळक्या वहीवरून. (तुमची ओरड मोजायची रीत थोडी पक्षपाती आहे. सासुरवाडीच्या गावाला जास्त गाड्या आहेत, मी मोजल्या.)

गाड्यांचा हिशोबही तोच. जहाजाचा फेरा ९ आठवड्यांचा, आणि दर आठवड्याला प्रत्येक बंदरात एक जहाज हवं, तर ९ जहाजं लागतात. हळू चालवलं तर १० लागतील, पण इंधन वाचतं: वेग २० टक्के उतरवला की तेवढ्याच अंतराला साधारण तिसरा हिस्सा कमी. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात हल्ले सुरू झाले, तेव्हा कितीतरी कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून नेली. फेरा लांबला, आठवड्याचा वार सांभाळायला जास्तीची जहाजं ओढावी लागली. पुलावरून पाणी गेलं की तुम्ही लांबच्या रस्त्यानं गाडी काढता आणि दुसऱ्या फेरीची गाडी इकडे ओढता, तसंच.

प्रबंध मंजूर झाला. मार्गदर्शकांनी विचारलं, ही मालाच्या दिवसांची अट तुला कशी सुचली? मी म्हटलं, आगारात.

दिवाळीला बांधलेली प्रत घेऊन येते. पाचव्या प्रकरणातला तक्ता बघाच, तिथं एक फेरी मला अजून पटत नाही.

तुमची,
साडेपाचच्या मुक्कामी गाडीनं शाळेत जाणारी पोरगी