टेबलाला एक रविवार पुरणार नाही

प्रिय शुभा,

तुझं पत्र आणि तुझ्या जुन्या टेबलाचे फोटो परवा मिळाले. उत्तराला दोन दिवस लागले, कारण ते फोटो मी मोठे करकरून बघत बसले होते. घरचे म्हणाले, कुणाचं स्थळ बिळ आलंय की काय! स्थळ चांगलं आहे बाई. पाय सरळ आहेत, वरची फळी एकसंध दिसतेय, खणही दोन्ही आहेत. पण शेवटी तू लिहिलंयस, ‘रविवारी पांढरा रंग मारून मोकळी होते’, ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. रंगाचा डबा उघडला असशील तर झाकण ठोकून बंद कर आणि आधी हे वाच.

माझं ते उंच खणांचं कपाट तू पाहिलंयस. त्याची पहिली अवस्था मात्र पाहिली नाहीस, कारण ती मी कुणालाच दाखवली नव्हती. आणलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि एका दिवसात पांढऱ्या रंगाचे तीन हात मारले. संध्याकाळी काय दिमाख! तिसऱ्या दिवशी पांढऱ्यावर तपकिरी डाग उमटले. चौथा हात मारला, डाग पुन्हा वर. महिन्याभराने मुठीपाशी नख लागलं आणि सापाची कात निघावी तसा रंगाचा पापुद्रा हातात आला. रंगाला बोल लावण्यात अर्थ नव्हता. खाली जुनं तुकतुकीत पॉलिश, त्यावर वर्षानुवर्षांचं मेण आणि हातांचा तेलकटपणा, त्यावर रंग धरणार कशाला? आणि डाग होते टॅनिनचे, म्हणजे लाकडातल्याच एका तपकिरी, तुरट द्रव्याचे. टॅनिन पाण्यात विरघळतं आणि माझा रंग होता पाण्यातला. म्हणजे दर हाताबरोबर मीच त्याला वर यायची वाट करून देत होते. ते सगळं खरवडायला तीन आठवडे गेले.

तर आता तुझं टेबल. आधी ते उलटं कर. खरंच, पाय वर करून ठेव. जुन्या लाकडाची खरी ओळख खालून होते, कारण तिथे कुणी पॉलिशने तोंड रंगवलेलं नसतं. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसतात का बघ. दिसली तर लगेच घाबरू नकोस, कीड कधीच उडून गेलेली असू शकते. खाली काळा कागद पसरून टेबल दोन-चार दिवस तसंच ठेव. कागदावर पिठासारखी ताजी पूड पडली तर कीड आत आहे, आणि मग तिचा बंदोबस्त होईपर्यंत ते टेबल इतर लाकडी सामानाजवळ नेऊ नकोस. मग फळीची कड बघ. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरत असतील तर लाकूड भरीव आहे. कडेशी रेषा तुटून वेगळीच पट्टी लागत असेल तर वर व्हेनिअर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा आहे, आणि ते बऱ्याचदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचं असतं. त्यावर घासायचं मशीन फिरवलंस तर पाच मिनिटांत आरपार जाशील. आणि भुशाच्या दाबलेल्या फळ्या पाण्याने फुगलेल्या असतील तर सरळ नाद सोड. फुगलेला भुसा पुन्हा बसत नाही, भेगा बुजवायची लांबी कितीही भरली तरी.

मग धुणं. धुणं म्हणजे बादली ओतणं नव्हे. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, फडकं घट्ट पिळून घ्यायचं, हातभर जागा पुसायची, लगेच कोरड्या फडक्याने टिपायची आणि पुढे सरकायचं. माझ्या कपाटानंतर मी एक खुर्ची केली, तेव्हा तिसऱ्या फडक्यापर्यंत पाणी काळं येत होतं. चौथ्याला पाठीच्या पट्टीतून मधाच्या रंगाचं लाकूड वर आलं, आत रेषा अशा की वाऱ्याने वाळूवर ओढलेल्या. मी तिला गडद तपकिरी समजून गडद रंगाचं पॉलिश आणून ठेवलं होतं! तो डबा अजून तसाच आहे. माझं ठाम मत झालंय की लोक ज्याला ‘कायापालट’ म्हणतात त्यातला निम्मा नुसता मळ काढण्यात असतो. मुठींनाही लोहचुंबक लावून बघ. चिकटला नाही आणि खरवडल्यावर पिवळं चमकलं, तर बहुतेक पितळ आहे, ते रंगाखाली गाडू नकोस.

आता जुनं पॉलिश कसलं आहे ते बघ. फळीच्या खालच्या बाजूला कापसाच्या बोळ्याने थोडं स्पिरिट लाव. जागा चिकट झाली आणि बोळ्याला रंग आला तर तुझं नशीब थोर. ते लाखेचं पॉलिश आहे, त्याच त्या झाडावरच्या किड्याच्या लाखेचं. त्याचा मोठा गुण असा की नवा हात जुन्याला विरघळवून त्याच्यात मिसळतो. म्हणजे खरवडायचं कामच नाही. फार ओरखडे नसतील तर चपडा, म्हणजे लाखेचे पातळ तुकडे, स्पिरिटमध्ये भिजवून पातळ करायचा, मऊ सुती कापडाची पुरचुंडी त्यात बुडवून, पिळून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवायची. एकाच जागी थांबलीस की डाग पडलाच. स्पिरिटने काही झालं नाही आणि थिनरने जागा मऊ पडली तर लॅकर, म्हणजे थिनरमध्ये विरघळणारं पॉलिश असेल. दोन्हींनी ढिम्म हललं नाही तर पॉलियुरेथेन, म्हणजे प्लॅस्टिकसारखं कडक पॉलिश असण्याची शक्यता जास्त, आणि त्याला नुसतं घासून निस्तेज करून वरून नवा हात द्यायचा.

फळीवर ते जे गोल दिसतंय, पेल्याचं, ते फोटोत मला पांढरट वाटलं. पांढरं असेल तर आनंद मान, ओल फक्त पॉलिशमध्ये अडकलीय. वर कोरडं सुती कापड ठेवून कमीत कमी तापलेली इस्त्री, वाफ बंद करून, दोन-तीन सेकंद टेकवायची, उचलायची, बघायची. धीर सोडून दाबून धरलीस तर पॉलिश वितळून कापडाला चिकटेल. काळं गोल असेल तर मात्र पाणी लाकडापर्यंत पोचलंय. ते इस्त्रीने जाणार नाही. मी तर म्हणते काळं असेल तर राहू दे. कुणीतरी तिथे बसून लिहिताना पेला विसरलं होतं, एवढंच.

टेबल डुगडुगतं म्हणतेस, त्याला खिळा मारशील तर माझ्याशी गाठ आहे. खिळ्याने लाकूड चिरतं आणि सांधा तसाच ढिला राहतो. पायाच्या खाचेत आडव्या पट्टीची जीभ बसलेली असते, ती हलक्या हाताने ओढून बाहेर काढ. जुना सरस, म्हणजे सुतारी गोंद, खरवडून टाक, कारण वाळलेल्या सरसावर नवा गोंद धरत नाही. सगळे इथेच चुकतात, फटीत वरून फेविकॉल पिळतात आणि महिन्याने पुन्हा डुगडुग. गोंद लावून जोडलंस की चारी पायांभोवती दोरी गुंडाळ, दोरीत एक काठी घालून पीळ दे, काठी पट्टीला अडकव आणि 24 तास हात लावू नकोस. बाहेर आलेला गोंद तेवढा ओल्या फडक्याने तेव्हाच पूस. राहिला तर तिथे पॉलिश बसत नाही आणि पांढुरका चट्टा जन्मभर बघत बसावा लागतो. स्क्रू भोकात गरगरत असेल तर काडीपेटीच्या दोन काड्या, गूल मोडून, गोंदात बुडवून भोकात घालायच्या, वाळू द्यायच्या आणि मग स्क्रू पिळायचा.

खण घासत असतील तर मेणबत्ती, बाकी काही नाही. कुबट वास असेल तर खण काढून दिवसभर हवेशीर जागी ठेव. तरी गेला नाही तर आतून लाखेचा एक हात दे, वास आत कोंडला जातो.

एवढं करूनही पांढरंच हवं असेल तर हरकत नाही, टेबल तुझं आहे! पण मग नीट कर. 120 नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घास, जोर न लावता, चकाकी जाईपर्यंतच. नंतर त्याहून बारीक, 220 नंबरचा. धूळ ओलसर फडक्याने टिप. मग लाखेचा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, तो टॅनिनला अडवतो. मला तो आधी कुणी सांगितला असता तर माझी बोटं वाचली असती. वर रंगाचे दोन पातळ हात, मध्ये पुरेसा वेळ. जाड एक हात म्हणजे ओघळ. आणि रंग तासाभरात हाताला लागत नाही म्हणजे वाळला असं समजू नकोस, पुरता कडक व्हायला त्याला तीन-चार आठवडे लागतात. तोवर वर पुस्तकं ठेवलीस तर मुखपृष्ठासकट चिकटतील. टेबलावर आधीचाच जुना रंग असेल तर कोरडा घासू नकोस. फार जुन्या रंगांत शिसं असतं आणि ती धूळ वाईट. पाणी मारत घास, मुलांना खोलीबाहेर ठेव.

आणि एक, हे हसण्यावारी नेऊ नकोस. जवसाचं तेल लावलंस तर ती चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाही. ते तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं, तापतं, आणि गोळा केलेल्या चिंधीतली उष्णता बाहेर पडायला वाव नसल्याने ती आपोआप पेटू शकते. काडी न लावता! मी चिंध्या घराबाहेर एकेक पसरून वाळवते, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवते.

हात दुखला, आता आवरते. पण फोटोत आणखी एक दिसलं. तुझा डावा खण वर एका बाजूला करंगळीएवढा उघडा राहतोय आणि उजवा आत जाताना अडतोय. दोन्ही बाहेर काढून मागच्या फळीच्या पाठीवर बघ. हाताने केलेल्या सामानात बऱ्याचदा तिथे सुतार पेन्सिलीने 1, 2 किंवा नुसती एक-दोन तिरप्या रेघा मारून ठेवतो, कुठला खण कुठे ते कळावं म्हणून. मला वाटतं मधल्या मालकांनी अदलाबदल केलीय. बदलून घालून बघ आणि काय झालं ते कळव, रंगाचा डबा उघडण्याआधी.

तुझी,
नीला