रंग कुणी सांगितला?

हायडेलबर्ग,
डिसेंबरचा दुसरा आठवडा

ति. आबांस आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा आईनं विचारलं, "नेमकं काय करायलीस गं तिथं? शेजारणीला काय सांगू?" मी 'संशोधनाची चित्रं काढते' म्हटलं आणि फोन तुटला. तेवढ्यानं तुमचं समाधान होणार नाही, म्हणून लिहितेय. चित्राची प्रत सोबत आहे, ती हातात धरूनच वाचा.

हिरवा दांडा दिसतो ना, ती पेशीच्या आतली सडक. जाडी २५ नॅनोमीटर. आबा, तुमच्या ब्रशच्या एका केसाच्या रुंदीत असे हजारभर दांडे तरी शेजारी शेजारी मावतील. त्यावर पोतं घेऊन चाललेला दोन पायांचा हमाल म्हणजे कायनेसिन नावाचं प्रथिन. पाऊल ८ नॅनोमीटरचं, आणि दर पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. रोकडा व्यवहार, उधारी नाही. १९८५ साली समुद्रातल्या माकुळाच्या (स्क्विडच्या) जाडजूड नसेत तो सापडला.

पहिल्या खेपेला मी त्याला मोकळ्या निळ्या आभाळात चालवला. ज्या बाईंचं संशोधन आहे त्या बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, छान आहे, पण रस्ता रिकामा का? पेशीत रिकामी जागा नसतेच. लातूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत पाळण्यापाशी असते तशी गर्दी, त्यात पाण्याचे रेणू चारी बाजूंनी धक्के देतात. हमाल ऐटीत चालत नाही, हेलकावत, चाचपडत पुढं सरकतो. मग मी गर्दी भरली, तर हमालच दिसेना! तीन आठवडे त्यातच गेले.

तेव्हा औशाची ती भिंत आठवली. रसवंतीवाल्याला ऊस, चरक, बर्फ, महादेवाची पिंड, फोन नंबर, सगळंच एका भिंतीवर हवं होतं. नीळ लावलेल्या दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं. तुम्ही दोरी मधोमध ओढून सोडलीत, भिंतीवर सरळ निळी रेघ उठली आणि थोडी नीळ माझ्या नाकावर. मग तुम्ही फक्त 'रस' लिहिलंत आणि पुढं एक बाण. मालक कुरकुरला. तुम्ही म्हणालात, "जाणाऱ्याला दोनच गोष्टी लागतात. काय मिळतंय, अन् कुठं."

असाच बाण काढणारा एक माणूस स्पेनमध्ये होऊन गेला, सांतियागो रामोन इ काहाल. त्याला चित्रकार व्हायचं होतं, पण शल्यवैद्य बापानं डॉक्टर केलं. (तुम्ही मला कधी अडवलं नाहीत. तशी आपल्या घरात डॉक्टरकीची फी परवडणारीही नव्हती म्हणा.) इटलीच्या गोल्गीनं १८७३ मध्ये चांदीच्या क्षारानं नसांच्या पेशी रंगवण्याची रीत काढली होती. तीत मोजक्याच पेशी काळ्या होतात, बाकीच्या दिसतच नाहीत. ऐकायला खोट वाटते, पण सगळ्या रंगल्या असत्या तर नुसता काळा डाग उरला असता. काहालनं त्या मोजक्या पेशी शाईनं कागदावर काढल्या आणि संदेश कुठून कुठं जातो ते दाखवायला बारीक बाण दिले. गोल्गी म्हणायचा, नसांचं एकच अखंड जाळं आहे. काहाल म्हणायचा, प्रत्येक पेशी सुटी. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून दिलं, तर गोल्गीनं तिथल्या भाषणातही आपलाच हेका चालवला! काहालचंच खरं ठरलं.

शेवटी मी गर्दी ठेवली, पण सगळी एका फिक्या रंगात, सपाट. अमेरिकेतले डेव्हिड गुडसेल जलरंगात पेशीची खचाखच गर्दी रंगवतात, त्यांची चित्रं पुढ्यात ठेवून बरंच शिकले. हमाल तेवढा झेंडूच्या रंगाचा.

आता आबा, तुम्ही विचारणारच, रंग कुणी सांगितला? कुणीच नाही. आपल्याला दिसणाऱ्या उजेडाची लाटच ४०० ते ७०० नॅनोमीटरची, ती या हमालाला पकडू शकत नाही. इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकात जे दिसतं ते काळंपांढरं. हिरवा मी आपल्या हरभऱ्याचा घेतला. रंग मनाचे आहेत, हे चित्राखाली लिहायचं मी हट्टानं ठरवलं. पुष्कळजण लिहीत नाहीत आणि पोरं शाळेत तोच रंग खरा समजून बसतात.

हे चित्र आईसाठी का धाडलं, तर कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंतचा एकेक नसतंतू मीटरभर लांब असतो. माल तयार होतो कण्याजवळ आणि न्यायचा पार बोटाच्या टोकाला. वेगानं जाणारा मालसुद्धा दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटरच सरकतो, म्हणजे अडीच ते पाच दिवसांची वाट. शुगरमध्ये सगळ्यात लांब नसा आधी बिघडतात. त्याची कारणं बरीच, एकट्या हमालावर ढकलण्यात अर्थ नाही. पण आईच्या पायाला मुंग्या येतात त्या हातांच्या आधी पायालाच का, ते यात आहे. पुढं पाय बधिर झाला तर काटा रुतलेलाही कळत नाही.

येळवशीची अमावस्या जवळ आली. आई दरवर्षी आंबील शिंपडत अख्ख्या रानात अनवाणी फिरते. यंदा चप्पल घालूनच फिरू दे, शेजारणी काहीही म्हणोत. कडब्याच्या कोपीत पांडवांपुढं तेवढी काढायची. आणि संध्याकाळी तिचे दोन्ही तळपाय तुम्ही बघा, आबा. चष्मा लावून.

भज्जीचा फोटो पाठवा. उंडे किती केले तेही कळवा.

तुमची,
मनी