चीनला निघालेल्या विद्यार्थ्यांचे पहिले तीस दिवस

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की परदेशी शिक्षणाच्या पुरवण्या निघतात. त्यांत चीनमधल्या विद्यापीठांची फी, क्रमवारी, शिष्यवृत्त्या सगळे असते. विमानातून उतरल्यावर काय करायचे, हे मात्र कुठेच नसते. एजंटही प्रवेशपत्र आणि जेडब्ल्यू २०२ फॉर्म (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा चिनी अर्ज) हाती दिला की मोकळे होतात. मुलांची धावपळ सुरू होते ती त्यानंतर.

१८० दिवसांपेक्षा जास्त शिकायला जाणाऱ्याला एक्स-१ व्हिसा मिळतो. तो सहसा एकदाच प्रवेशासाठी असतो आणि पोहोचल्यापासून ३० दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावाच लागतो. मुदत हुकल्यास दिवसाला ५०० युआन, कमाल १०,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. परवाना मिळण्याआधी दिवाळीला म्हणून घरी आलात तर व्हिसा संपला. पुन्हा पहिल्यापासून सगळे.

त्याच्याही आधी, २४ तासांच्या आत, राहत्या जागेची पोलिसांकडे नोंद हवी. हॉटेलात उतरलात तर हॉटेलवालेच ती करतात. वसतिगृहात राहणाऱ्यांनी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारावे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने पासपोर्ट आणि भाडेकरार घेऊन स्वतः पोलीस चौकीत जावे. नोंदीचा कागद जपा, परवान्याच्या अर्जाला तोच लागतो. मग वैद्यकीय तपासणी : रक्त, छातीचा एक्स-रे, ईसीजी. भारतातून केलेली तपासणी अनेकदा नुसती पडताळून घेतात. पण अहवाल सहा महिन्यांपेक्षा जुना असेल, एखादा रकाना कोरा राहिला असेल किंवा फोटोवर रुग्णालयाचा शिक्का नसेल, तर पैसे भरून सगळे पुन्हा करावे लागते. एक्स-रेची फिल्म आणि रक्ताचे मूळ अहवाल सोबत न्यावेत.

खरी गोची पुढे आहे. परवान्याचा अर्ज केला की पासपोर्ट तिथेच जमा होतो आणि हाती फक्त पावती येते. पंधरा दिवसांपर्यंत तो परत मिळत नाही आणि सिमकार्ड, बँक खाते ही दोन्ही कामे मूळ पासपोर्टवर होतात. म्हणून नोंद, सिमकार्ड, बँक आणि मग परवाना, हा क्रम सोयीचा. काही बँका परवाना पाहिल्याशिवाय खाते उघडत नाहीत. तेव्हा महिनाभर पुरेल अशी पैशांची सोय घरूनच हवी : परदेशी वापर सुरू केलेले व्हिसा कार्ड किंवा मास्टरकार्ड आणि थोडे रोख युआन. हे कार्ड अलीपे किंवा वीचॅट या मोबाइलवरून पैसे देण्याच्या चिनी ॲपना जोडता येते. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यावर ३ टक्के. वीचॅटवर भारतात २०२० पासून बंदी असल्याने ते तिथे गेल्यावरच घ्यावे लागते. कार्ड जोडताना ओटीपी भारतीय नंबरवर येतो, त्यामुळे रोमिंग चालू ठेवूनच निघावे. रोमिंगचा डेटा भारतीय नेटवर्कमार्गे जातो, म्हणून त्यावर व्हॉट्सॲप आणि जीमेल चालतात. चिनी सिमवर वा कॅम्पसच्या वायफायवर नाही, कारण चीनमध्ये ती अडवलेली आहेत. आईवडिलांनी मुलगा फोन उचलत नाही म्हणून घाबरण्याआधी हे लक्षात घ्यावे.

आपल्याकडच्या मुलांना सर्वाधिक छळते ते नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि नावापुढे वडिलांचे नाव. सिमवाला आडनाव आधी लिहितो, बँकेतला कारकून शेवटी, तिसरा मधली जागा गाळून सगळे सलग टाइप करतो. मग वीचॅटला बँक कार्ड जोडताना ‘नाव जुळत नाही’ एवढाच संदेश येतो आणि चूक कुठे आहे ते समजत नाही. काउंटरवरून उठण्याआधी पडद्यावरचे नाव पाहू द्या म्हणावे. पासपोर्टच्या तळाच्या छापील ओळीतला क्रम, म्हणजे आडनाव आधी, सगळीकडे एकच ठेवावा. मोकळ्या जागाही सारख्याच.

राहण्याखाण्याचे थोडक्यात. आपला गोल पिनांचा प्लग तिथे बसत नाही, ॲडॉप्टर न्या. वसतिगृहात शेगडी, हीटर यांना बहुधा बंदी असते. सापडले तर जप्त. सरकारी हीटिंग छिनलिंग डोंगर आणि ह्वायहे नदीच्या रेषेच्या (चीनच्या उत्तर-दक्षिण भागांमधली सीमा) उत्तरेला. बीजिंगमध्ये १५ नोव्हेंबर ते १५ मार्च. वुहान, नानजिंग, चांगशा इकडे ते नसते, म्हणून हिवाळ्यात खोलीतही स्वेटर लागतो. शाकाहाऱ्यांनी भाजीत मांसाचे तुकडे नाहीत एवढ्यावर विसंबू नये : फोडणी डुकराच्या चरबीची असू शकते आणि चव चिकन पावडरची. मुस्लिम कँटीनमध्ये निदान पहिल्याची भीती नसते.

आणि पासपोर्टची मुदत शिक्षणाच्या मध्येच संपत असेल तर, जमल्यास, निघण्याआधीच नवा काढावा. तिथे क्रमांक बदलला की १० दिवसांत निवास परवान्यात बदलासाठी अर्ज करावा लागतो आणि बँक, सिम, अलीपे, रेल्वे तिकिटाचे ॲप, सगळीकडे नव्याने ओळख पटवत फिरावे लागते.

– एक वाचक