आधी ‘त्र्यंबकेश्वर’ लिहून बघायला लावणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव छापू नका असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून नाव लिहीत नाही. अशोक स्तंभाजवळच्या गल्लीतल्या प्रेसमध्ये दिवसभर लग्नपत्रिका, बिलबुकं आणि शाळांचे अंक संगणकावर लावणाऱ्या ताई, एवढी ओळख पुरेशी आहे. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुम्ही आम्हाला जे सांगितलंत ते दुसऱ्या कॉलेजांतल्या मुलांच्याही उपयोगाचं आहे. अशा कामाला बसणाऱ्या मुलांना बहुधा कुणी विचारत नाही, सांगत नाही.

मराठी भाषा गौरव दिनासाठी आम्हाला नाशिकच्या अक्षरव्यवहारावर प्रदर्शन करायचं होतं. 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय, 1925 मध्ये नाशिकरोडला सुरू झालेलं सिक्युरिटी प्रेस आणि अर्थातच आपले तात्यासाहेब शिरवाडकर. भिंतीवर लावायचे पॅनेल, हातात द्यायची पुस्तिका आणि एक वेबसाइट, अशी तीन कामं. टीममध्ये आर्ट्स, सायन्स, कॉमर्स सगळीकडची मुलं. छपाईला पैसे मंजूर झाले होते, सॉफ्टवेअरला एक रुपयाही नव्हता. कुणी फोटोशॉप म्हणत होतं, कुणी कॅनव्हा, तर कुणी म्हणे प्रेसवाले कोरलच वापरतात म्हणून कोरलच हवं. कुठलं घ्यावं, एवढंच विचारायला आम्ही तुमच्याकडे आलो होतो.

तुम्ही सॉफ्टवेअरचं नावच घेतलं नाहीत. तुम्ही विचारलंत, पॅनेल फ्लेक्सवर की कागदावर? पुस्तिका डिजिटल की ऑफसेट? लॅबमधली मशिनं केवढी आहेत? मजकूर कोण टाइप करणार आणि कशात? आणि शेवटी, पुढच्या वर्षी तुम्ही पास होऊन गेल्यावर या फायली कोण उघडणार? हा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. विद्यार्थ्यांची टीम दरवर्षी बदलते, हे आम्हाला माहीत असूनही आमच्या चर्चेत ते कुठेच नव्हतं. आमच्या सगळ्या निवडी पुढे त्याच प्रश्नावर ठरल्या.

मग तुम्ही पाठकोऱ्या कागदावर एक ओळ लिहून दिलीत: ‘त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, सूर्य, वाऱ्यावर, शृंगार, ज्ञानपीठ’. म्हणालात, जे सॉफ्टवेअर घ्याल त्यात आधी ही ओळ टाका, पीडीएफ काढा, ती दुसऱ्या मशिनवर उघडा आणि मोठी करून बघा. बाकीचं नंतर. किती नेमकी ओळ आहे ती! ‘त्र्यं’मध्ये त्, र आणि य एकत्र बसायला हवेत. ‘दिंडोरी’ची पहिली वेलांटी द च्या आधी यायला हवी, मागे गेली की समजायचं की या सॉफ्टवेअरला देवनागरी कळत नाही. ‘सूर्य’चा रफार आणि ‘वाऱ्यावर’चा अर्धा र ही दोन वेगळी चिन्हं आहेत आणि बऱ्याच ठिकाणी दुसरं बिघडतं. सॉफ्टवेअरची तुलना करणारे कितीतरी व्हिडिओ आम्ही पाहिले होते, पण मराठी नीट येतं का हा मुद्दा त्यांत कुणी घेतलेला नव्हता.

हेही तुम्ही दाखवलंत की हा फुकट आणि विकत असा भेद नाही. तुमच्याच विकतच्या इनडिझाइनमध्ये साधा कंपोझर (अक्षरं ओळीत बसवणारी सोय) ठेवलात तेव्हा ओळ विस्कटली, वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलात तशी जागेवर बसली. पुस्तकाची पानं लावायच्या फुकटच्या स्क्रायबसच्या जुन्या 1.4 आवृत्तीत देवनागरीची जोडणी नव्हती, 2024 च्या सुरुवातीला आलेल्या 1.6 मध्ये ती आहे. इंकस्केप आणि गिंप या तशाच फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळ पहिल्यापासून नीट आली. त्यामुळे आमच्या लॅबमधल्या जुन्या मशिनांवर चालणारा, कुणाचीही परवानगी न मागता सगळ्यांना घरी टाकता येणारा संच हातात आला: पॅनेल आणि बोधचिन्हाला इंकस्केप, फोटोंना गिंप, पुस्तिकेला स्क्रायबस. फुकटचं आहे म्हणजे हलकं असणार, अशी टीममधल्या काहींची शंका होती. त्यावर तुम्ही सांगितलंत की गिंपची सुरुवातच 1995 मध्ये बर्कलीच्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी केली. त्यानंतर शंका कुणी काढली नाही. आपल्याच वयाच्या मुलांनी सुरू केलेली गोष्ट आपण वापरतोय, याचा आम्हाला खूप आनंद झाला.

पेनड्राइव्हवर फिरणाऱ्या क्रॅक कॉप्यांबद्दल तुम्ही फार बोलला नाहीत. ‘कॉलेजच्या नावाने छापताय ना, मग नको,’ एवढंच. कोरल आणि फोटोशॉपला मात्र एका शब्दानेही नावं ठेवली नाहीत. उलट आमच्यातल्या एकीला छपाईच्याच धंद्यात जायचंय हे कळल्यावर तिला सांगितलंत, ‘नाशिकमध्ये प्रेसला नोकरी करायची तर कोरल आलंच पाहिजे, दुपारी येऊन बसत जा.’ ती अजूनही येते.

मजकुराबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते तर प्रत्येक कॉलेजच्या भिंतीवर लिहायला हवं. जुन्या स्मरणिकांचा मजकूर आमच्याकडे होता, पण तो युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फाँटमध्ये. त्या फाँटांत मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. त्यामुळे फाँट बदलला किंवा मजकूर वेबपानावर चिकटवला की उरतात नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. सगळं एकदाच युनिकोडमध्ये टाइप करा, म्हणालात, मग तोच मजकूर पॅनेलवर, पुस्तिकेत आणि साइटवर जाईल, मुद्रितशोधनही एकदाच होईल. तसंच झालं. प्रेसला देताना अक्षरांचं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, रूपांतर करायचं, म्हणजे तिकडे फाँट असो नसो काही मोडत नाही. पण रूपांतर न केलेली मूळ प्रत वेगळी जपून ठेवायची, नाहीतर पुढच्या वर्षी एक काना बदलायचा म्हटलं तरी सगळं नव्याने करावं लागेल.

आणि काळा रंग! हा धडा मला सगळ्यात जास्त आवडला. तुम्ही भिंग हातात दिलंत आणि पुस्तिकेच्या कागदावर मारलेल्या दोन ओळी बघायला लावल्यात. एकीतला काळा चार रंगांच्या मिश्रणातून आलेला, दुसरीतला नुसत्या काळ्या शाईचा. पहिलीत अनुस्वाराभोवती गुलाबी-निळी कड दिसत होती, मात्रा जाड झाल्या होत्या. छपाईत प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट असते, त्या चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी लहान देवनागरी अक्षर धुरकट होतं, हे तेव्हा डोळ्यांनी दिसलं. पुस्तिका इंकस्केपमध्ये न लावता स्क्रायबसमध्येच का लावायची, तेही कळलं. इंकस्केप पडद्याच्या आरजीबी रंगांत काम करतं, स्क्रायबसमध्ये सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे, रंग घेऊन मजकूर शंभर टक्के काळ्यावर ठेवता येतो. गोदावरीसाठी आम्ही निवडलेला झगझगीत निळा कागदावर मंद होणार, हेही तुम्ही आधीच छोटी पट्टी काढून दाखवलंत. निळा आम्ही तेव्हाच बदलला.

वेबसाइटचं ‘मला येतं तेवढंच सांगते’ म्हणून तुम्ही सुरुवात केलीत, पण सांगितलंत ते अगदी खरं होतं. तुमच्या कपाटात पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायली आहेत. पेजमेकरची 2001 मधली सातवी आवृत्ती शेवटची ठरली. फ्लॅशमध्ये केलेल्या सीडीही आहेत आणि फ्लॅश तर 2020 च्या अखेरीस बंदच झालं. ॲडोबीचं म्यूज नावाचं कोड न लिहिता साइट बांधायचं सॉफ्टवेअरही त्याच वर्षी गेलं. वेबपानं ज्यात लिहितात ते एचटीएमएल आणि सीएसएस मात्र राहिलं. म्हणून आम्ही वर्डप्रेसचा विचार सोडला. ते वाईट आहे म्हणून नाही, तर त्याचे अपडेट आणि होस्टिंगचं बिल परीक्षेच्या दिवसांत कोण बघणार म्हणून. आराखडा पेनपॉट या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, पानांचा कोड व्हीएस कोड या एडिटरमध्ये, साइट गिटहब पेजेस या फुकटच्या होस्टिंगवर, खर्च शून्य. बोधचिन्ह एसव्हीजी, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या रेषाचित्राच्या फाइलमध्ये, असल्याने तीच फाइल मोबाइलवरही चालली आणि दारावरच्या फ्लेक्सवरही. पानाची भाषा मराठी अशी कोडमध्ये नोंदवली की ज्या फाँटांत सोय आहे त्यांत ल आणि श आपल्या वळणाचे येतात, ही खूण तुमच्याकडून मिळाली. इन्स्टाग्रामच्या पोस्टना कॅनव्हा राहू द्या म्हणालात, ते राहिलं.

हे सगळं तुम्ही लग्नसराईच्या ऐन गर्दीत केलंत. ग्राहक समोर उभा असायचा आणि तुम्ही आमच्या ‘दिंडोरी’ची वेलांटी बघत असायचात. पैशांचा विषय काढला तर चहाचेसुद्धा घेतले नाहीत. तुमच्या मालकांनी कधी हटकलं नाही, त्यांचेही मनापासून आभार. कॉलेजात आम्हाला पुष्कळ काही शिकवतात, पण आपलं काम दुसऱ्याच्या हातात नीट जावं याची इतकी काळजी कुणाला घेताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते मला माझ्या कामात आणायचं आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही कळवतो. या वर्षीच्या टीमने आमच्या फायली उघडल्या. मूळ प्रत, पाथ केलेली प्रत आणि फाँट एकाच फोल्डरमध्ये होते, सोबत कुठली फाइल कशात केली याची एक पानाची टीप होती. आम्हाला फोन न करता त्यांनी दोन पॅनेलचा मजकूर बदलला आणि साइटवर नवीन पान जोडलं. तुमची ती ओळ आता लॅबच्या फळ्याशेजारी चिकटवलेली आहे. नव्या मुलांनी तिच्यात आपल्या मनाने ‘इगतपुरीच्या दऱ्या’ घातलंय.

त्यांना रंगांच्या प्लेटा कशा निघतात ते बघायचंय. लग्नसराई संपल्यावर एखाद्या शनिवारी लॅबमध्ये याल का? सरांची परवानगी घेतली आहे, प्रोजेक्टर आहे, भिंग मात्र तुमचंच आणा. तारीख तुम्ही सांगाल ती.

आपला नम्र,
गेल्या वर्षीच्या टीममधला एक विद्यार्थी
नाशिक