नोटिशीला घाबरून ऑफर सोडू नकोस

ठाणे

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

नव्या कंपनीत जाऊ नकोस म्हणून तुझ्या जुन्या कंपनीने बजावलेली आणि तू मला पाठवलेली नोटीस नीट वाचली. ‘गोपनीय माहितीचा गैरवापर’, ‘दोन वर्षे स्पर्धक कंपनीत नोकरी नाही’ असलं काही घरी आलं की वहिनींची झोप उडणारच. म्हणून आधी धीराचं सांगतो. आपल्या १८७२च्या करार कायद्यातलं कलम २७ म्हणतं की, कुणाला कायदेशीर कामधंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. नोकरी सुटल्यानंतरची असली बंदी आपली कोर्टं सहसा मानत नाहीत.

त्यांच्या वकिलाने १९६७च्या ज्या निकालावर भिस्त ठेवली आहे, तो आपल्या कल्याणचाच. सेंच्युरी कंपनीने टायर कॉर्डचं, म्हणजे टायरला बळकटी देणाऱ्या धाग्याचं, तंत्र परदेशी कंपन्यांना पैसे मोजून आणलं होतं, तेही गुप्तता पाळायच्या अटीवर. तिथल्या एका शिफ्ट सुपरवायझरने १९६३ मध्ये पाच वर्षांचा करार केला आणि पुढच्याच वर्षी तो राजस्थानातल्या कोट्याच्या रेयॉन कारखान्यात गेला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि सुपरवायझर हरला. पण मनाई होती ती कराराची उरलेली मुदत संपेपर्यंत, मार्च १९६८पर्यंत, आणि त्याच प्रकारच्या कामापुरती. नोटिशीत हे सोयीस्करपणे गाळलंय. तुझा बाँड तर गेल्या वर्षीच संपला. नोटीस पिरियड भरून, रिलीव्हिंग लेटर घेऊन तू बाहेर पडलास.

पैसे मोजून आणलेलं तंत्र कंपनीने जपावं, हे मला मान्य आहे. पण रिअॅक्टरचा आवाज बदलला की काय बिघडलंय हे तुला कळतं, ते तू रात्रपाळ्या करून शिकलास. ते कुणाच्या मालकीचं नाही. राग याचा येतो की नोटीस एकट्या तुला आली, पण धाक प्लांटमधल्या सगळ्यांना बसला. आता पगारवाढ मागायलाही माणसं कचरतील.

कागदांचं मात्र वेगळं. अमेरिकेत वेमो, म्हणजे गूगलच्या घरातली चालकाविना गाड्यांची कंपनी, आणि उबर यांच्यातला वाद आठवतो? पुढे उबरमध्ये गेलेल्या एका इंजिनिअरने गूगल सोडताना सुमारे १४,००० फाइली नेल्याचा आरोप होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये उबरने सुमारे साडेचोवीस कोटी डॉलरचे शेअर देऊन तडजोड केली. दोन्ही कंपन्या मोकळ्या झाल्या. फौजदारी खटला मात्र त्या माणसावर चालला. त्याने एक गुन्हा कबूल केला आणि २०२० मध्ये त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली. पुढे राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली. शिफ्टमधल्या माणसाला अशी माफी कोण देणार?

म्हणून स्पष्ट विचारतो. शिफ्टच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बॅच शीटचे, म्हणजे उत्पादनाच्या नोंदींच्या कागदांचे, फोटो टाकायची तुमच्याकडे सवय होती. तुझ्या फोनमध्ये, मेलमध्ये तसलं काही राहिलंय का? असेल तर घाईने पुसू नकोस, पुरावा नष्ट केल्यासारखं दिसेल. नव्या ठिकाणी तर दाखवूच नकोस. वकिलामार्फत लेखी कळवून परत करू. उत्तराला पंधरा दिवसांची मुदत आहे. फोनवर त्यांच्या एचआरशी काहीही बोलू नकोस, आणि नव्या कंपनीला नोटिशीबद्दल तूच आधी सांग, त्यांना बाहेरून कळायला नको.

शनिवारी अपॉइंटमेंट लेटर, बाँड, रिलीव्हिंग लेटर असं सगळं घेऊन ये. वहिनींनाही आण, त्यांच्या शंका समोरासमोर फिटलेल्या बऱ्या.

तुझा,
संजय